अनुभव धागा: शेतात पुरलेले गाडीचे जुने भाग

माळरान
परवा शेततळ्यासाठी जेसीबी लावला होता. बकेट लोखंडावर आपटली म्हणून खोदाई थांबवली. निघाला जाड पत्र्याचा उभा पिंप. तळाशी जाळी, बाजूला हवेची तोटी, शेजारी गंजून एकजीव झालेले गाडीच्या स्प्रिंगचे पाटे. भंगारवाला तिथंच किलोचा भाव सांगायला लागला. पण आतून खरवडलं तर कोळशाची खर निघाली आणि आजोबांचं बोलणं आठवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा आमच्याकडची सर्व्हिस मोटार, म्हणजे उतारूंची बस, कोळशावर चालायची. मागं भट्टी, क्लीनर पहाटे उठून हातानं पंखा फिरवायचा, आणि दिवे घाटात उतारू खाली उतरून गाडी ढकलायचे. एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर सुरू झाली, त्याच्या आधीचं हे सगळं. आता सांगणारं घरात कुणी उरलं नाही. तुमच्या रानात काय निघालं, ओळखलं कसं, लिहा. फुटकळ असलं तरी चालेल.

इंजिनघर
भट्टीच आहे दादा, विकू नका!! कोळसा अपुऱ्या हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तोच गाळून, गार करून इंजिनात सोडायचे. पेट्रोलच्या मानानं ताकद बरीच कमी, म्हणून ते ढकलणं. गॅस गाळायचा वेगळा डबा असतो, तो जवळपासच सापडेल. जेसीबीवाल्याला अजून थोडं हळू हातानं उकरायला सांगा.

सोनचाफा
पाटे रानात पडून राहिले याचंच नवल! आमच्याकडे लोहारानं कधीच उचलले असते. सासूबाईंचा कोयता ट्रकच्या पाट्याचा आहे, माझ्या लग्नाआधीपासूनचा. नारळ एका घावात. भाकरी तव्यावर आहे, नंतर येते.

बांधावरून
ताई, त्या कोयत्याला आरटीओचं पासिंग लागतं का 😀

घाटवाट
देवळालीजवळ मामांच्या द्राक्षबागेत जीपची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, निघाली होती. लढाईनंतर लष्करी जीपा डिस्पोजलमध्ये निघाल्या, त्यातली असणार. विलिज कंपनीची की फोर्डची यावरून घरात पैजा. खूण सांगतो, पुढची आडवी दांडी गोल नळीची असेल तर विलिज, चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डवाल्यांनी तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ उमटवलाय. तोंडाची जाळी मिळाली तर फटी मोजा. लढाईतल्या जीपला नऊ, नंतरच्या नागरी जीपला सात, आपल्या महिंद्रालाही सात. मामांची गोल नळी निघाली. मामींनी तिला हळदकुंकू वाहिलं, आता ती पडवीत आहे.

लेथवाला
वर्कशॉपमधून लिहितोय, घाईत आहे. सापडलेल्या वस्तूला आधी ग्राइंडर लावू नका, कृपा करा. नंबर पुसला की ओळखच गेली. दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवा, मग तारेचा ब्रश. ओतीव भागावर अक्षरं उठावाची असतात, त्यावरून खडू आडवा फिरवला की वाचता येतात. फोटो काढताना टॉर्च बाजूनं धरा. आणि नटाला पाना लावून बघा. इंची बसला तर माल बहुधा अमेरिकन घराण्यातला. इंची नाही आणि एमएमचाही नाही, तर विटवर्थ मापाचा, म्हणजे विलायती.

गोदाकाठ
आमची जरा वेगळी गोष्ट. विहिरीतला गाळ काढताना लोखंडी कडं निघालं, चांगलं छातीपर्यंत उंच. पोरं म्हणाली ट्रॅक्टरचं. वडिलांनी नुसता हात फिरवला आणि म्हणाले, धाव आहे ही, बैलगाडीची. मग तासभर तेच. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. लोखंड आवळलं की आरे मधल्या तुंब्यात करकरून घट्ट बसायचे. एरवी वडील दिवसभर फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी जेवायचंसुद्धा विसरले.

सोनचाफा
गोदाकाठ, वडिलांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा हो. माझे वडील गेल्या वर्षी गेले, त्यांच्या जुन्या गोष्टी मला अर्ध्याच आठवतात.

गोदाकाठ
ताई, आजच करतो. तुम्हालाही पाठवतो.

रानपाखरू
गोठ्यामागच्या उकिरड्यात मोटारसायकलचा एक दांडा मिळाला. गावातला मिस्त्री बघताक्षणी म्हणाला जावा नाहीतर येझदी, कारण किक आणि गियर एकाच दांड्यावर. चुलत्यांनी लगेच कबूल केलं की ती त्यांची. पुढचं काकूंसमोर सांगेनात. 😀

नगरकर
एक महत्त्वाचं. लष्कराच्या सरावाच्या मैदानाजवळ रान असेल आणि बंद नळकांडं, शेपटीला पंख, किंवा कडेनं तांब्याचा पट्टा असं काही दिसलं तर ते गाडीचं नव्हे. हात लावायचा नाही, घासायचं नाही, भंगारात तर मुळीच द्यायचं नाही. माणसं लांब करा, ११२ ला फोन लावा. गंजलं म्हणून ते निकामी झालं असं नसतं.

घाटवाट
+१. लहान पोरांना आधी सांगा.

माळरान
इंजिनघर, तुम्ही म्हणालात तो डबा मिळाला!! आत नारळाच्या काथ्यासारखं काहीतरी चिकटलंय. भंगारवाल्याला चहा पाजून रवाना केलं. दोन्ही वस्तू शेडमध्ये ठेवल्यात, रविवारी डिझेलमध्ये घालतो.

इंजिनघर
वा! तो काथ्या काढू नका, गाळणीचाच असेल. झाकणाच्या कडेला कंपनीची पट्टी आहे का बघा, पितळेची असते कधीकधी.

रानपाखरू
माळरान, शेततळ्याला प्लास्टिकचा कागद किती मायक्रॉन जाडीचा घालताय? आम्हाला ५०० चा सांगितलाय.

माळरान
५०० चाच. पण खड्डा आता दोन हात बाजूला सरकवलाय.