मदत हवी आहे: हुआरेझचं चमिसाल पार्क वडिलांना दाखवायचंय

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासमध्ये, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोला राहतो. आई-बाबा भारतातून आलेत आणि बाबांना एकच जागा बघायची आहे, पुलापलीकडचं, मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझमधलं चमिसाल पार्क.

बाबा शिरोळकडे मोजणी खात्यात होते. कृष्णेनं काठ कापला की मळीची जमीन कुणाची, हद्दीच्या खुणा कुठं, यातच त्यांची सगळी नोकरी झाली. इथं तोच वाद दोन देशांत झाला. सीमा नदीवरून ठरलेली, आणि १८६४ च्या पुरानंतर रिओ ग्रांदे दक्षिणेला सरकली. मेक्सिकोची शेकडो एकर जमीन अमेरिकेच्या बाजूला गेली. नदी हळूहळू सरकली तर तिच्याबरोबर हद्दही सरकते, पण एकदम उडी मारली तर हद्द जुन्या पात्रातच राहते. सगळं भांडण यावरच. १९११ मध्ये लवादानं १८६४ चं पात्र धरून जमीन वाटून दिली, अमेरिकेनं निकाल मानला नाही. शेवटी १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि मेक्सिकोचे अध्यक्ष लोपेझ मातेओस यांच्या काळात करार झाला, मेक्सिकोला ६३० एकर मिळाले, बदल्यात १९३ एकर द्यावे लागले. एल पासोच्या बाजूची सुमारे ५,६०० माणसं घरं सोडून उठली. परत मिळालेल्या जमिनीवर हे पार्क आहे.

हे सांगितल्यापासून बाबा वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीनं दोन पात्रं काढतात, जुनं तुटक रेघेनं, नवं सलग. एल पासोच्या बाजूचं, या वादाचं मेमोरियल बघून झालं. तिथून पलीकडचा प्रचंड झेंडा दिसतो. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे होते, मग म्हणाले, "जमीन मिळालेल्या बाजूनं बघायला पाहिजे."

आता अडचण. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिजा मल्टिपल एंट्रीचा आणि चालू आहे, त्यामुळे त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिजा लागत नाही. माझा एच-वन-बीचा (नोकरीच्या व्हिजाचा) पासपोर्टवरचा स्टॅम्प मात्र संपलाय, आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे. परत येताना ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन (छोट्या फेरीनंतर संपलेल्या स्टॅम्पवरही आत घेण्याची सवलत) चालेल, पण मेक्सिकोत जायला मला तिथला व्हिजा लागणार. असा व्हिजा इथल्याच मेक्सिकन कॉन्सुलेटमधून कुणी काढलाय का? कागद काय मागितले, किती दिवस लागले? आणि पुलावर रिव्हॅलिडेशनला काही त्रास झाला का?

दुसरं, बाबांचा एक गुडघा बदललाय. पार्क फ्री ब्रिजच्या (सीमेवरच्या बिनटोलच्या पुलाच्या) तोंडाशीच आहे, म्हणून चालत जावं असं वाटतं. पण पूल चढउताराचा, ऊन कडक आणि परतीच्या रांगेत किती वेळ उभं राहावं लागेल याची धास्ती आहे. सकाळी लवकर गेलं तर बरं का? पार्कात सावलीत बसायला बाकं, स्वच्छतागृह कुठल्या भागात आहेत? आतल्या पुरातत्त्व संग्रहालयात या वादाचे जुने नकाशे आहेत का? बाबांसाठी तेच मुख्य.

आई-बाबांना एकटं पाठवायला मन होत नाही. दोघांनाही स्पॅनिश येत नाही, आणि बाबा एकदा जुनं पात्र शोधायला लागले की आईचंही ऐकत नाहीत. तिथे नेहमी जाणारं कुणी असेल तर कृपया सांगा.

परतीचं तिकीट १२ जूनचं आहे.