कृषी प्रदर्शनात विमानाच्या कसरती : हवं कशाला?

धानवाला, गोंदिया : आमच्याकडे मे महिन्यातल्या कृषी प्रदर्शनात दोन आसनी विमानाच्या कसरती ठेवायचं घाटतंय. माझा विरोध आहे. उंचावर विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचलून धरायची ताकद सुटली, तर नाक खाली घालून वेग मिळवायला जागा असते. गिरकीत सापडलेलं साधं ट्रेनर विमान सावरेपर्यंत हजारेक फूट सहज जातात. कसरत चालते दोन-तीनशे फुटांवर, मग बाकीचे फूट आणायचे कुठून?

तर्रीपोहे, नागपूर : मंग बैलायच्या शर्यतीचा शंकरपटबी बंद करा नं भाऊ! 2022 मध्ये हवाई दलाच्या कसरतीवाल्या सूर्यकिरण पथकाचा शो नागपुरात झाला, कोनाले काय झालं? ज्याले भेव वाटते त्यानं घरी राहावं.

धानवाला : घरी राहून भागत नाही. 2015 मध्ये इंग्लंडात शोरहॅमला हंटर जेटचा लूप, म्हणजे हवेतला उभा गोल फेरा, वर पुरेसा उंच गेलाच नाही. मेलेली 11 माणसं मैदानाबाहेरच्या रस्त्यावरची होती. इथं कुंपणापलीकडं उन्हाळी धान कापणाऱ्या बाया असतात. आणि सूर्यकिरणचं म्हणाल, तर 2019 मध्ये बंगळुरूजवळ सरावातच त्यांची दोन विमानं धडकली, एक वैमानिक गेला. ज्यांचं रोजचं कामच हे, त्यांची ही गत.

तर्रीपोहे : ते जेट होते. लहान इमान हळू जाते.

मास्तर, आर्वी : हळू जातं म्हणून सुरक्षित होत नाही, तेही स्टॉल होतंच. 1980 मध्ये संजय गांधी दिल्लीत पडले ते पिट्समध्ये, म्हणजे खास कसरतीसाठी बनवलेल्या विमानात. सोबत कॅप्टन सक्सेना होते. दोघंही गेले.

बिरसीचा कॅडेट (शिकाऊ वैमानिक) : सरसकट बंदी मलाही नको, पण हिशोब बघा. उंची न सोडता 60 अंश कलून वळलं की पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग 41 टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना सुरक्षित असलेला वेग तिथं पुरेलच असं नाही. त्यात आपला मे! 45 अंशांत हवा विरळ, इंजिनाचा दम कमी, त्याच लूपला जास्त उंची लागते. शिवाय शेतातल्या विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, खांब दिसले तर नशीब. थंडीत, उंचावर आणि लोकांपासून लांब घ्या. मे महिन्यात अजिबात नको.

तर्रीपोहे : घ्या मंग डिसेंबरात, माहं काय जाते? पण आमच्या पोट्ट्यायनं इमान जवळून पाहाचं कवा?

धानवाला : मैदानात उभं करा, पोरांना कॉकपिटात बसवा. एवढं पुरे.

तर्रीपोहे : उभं इमान पाहाले कोन येते भाऊ?