मदत हवी आहे: स्वयंसेविकांना मानसिक आधाराचे प्रशिक्षण आणि त्यानंतरची देखरेख (बडोदा)

नमस्कार. बडोद्यातील एका मराठी महिला मंडळाच्या कार्यकारिणीत मी काम करते. दांडिया बाजार आणि रावपुरा भागात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे आमच्या सभासद नियमितपणे जातात. औषधे आणून देणे, बँकेचे काम, दवाखान्यात सोबत करणे असे या भेटींचे मूळ स्वरूप होते. परंतु अलीकडे झोप लागत नाही, जेवणावरची वासना उडाली आहे, छातीत धडधडते, "आता पुरे झाले" अशी वाक्ये वारंवार कानी येऊ लागली आहेत, आणि त्यावर काय बोलावे व काय बोलू नये हे आमच्यापैकी कोणालाच नीट ठाऊक नाही. "मन रमवा, नामस्मरण करा" हा आमच्याकडचा हुकमी सल्ला असून तो दिला की समोरचा माणूस बोलायचाच थांबतो. म्हणून निवडक सभासदांना रीतसर प्रशिक्षण द्यावे असे ठरले आहे.

सर्वसामान्य माणसे हे काम करू शकतात याविषयी मला शंका नाही. झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे येथे आरोग्यकेंद्रातील आजीबाईंना प्रशिक्षण देऊन, दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून रुग्णांना अडचणी सोडवण्याचे टप्पे शिकवण्याचा उपक्रम सुरू केला, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा लाभ स्पष्ट दिसला. गोव्यात 'संगथ' या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावरील उपचारभेटी घडवून आणल्या. आमच्या गुजरातेतच, मेहसाणा जिल्ह्यात, पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा 'आत्मीयता' प्रकल्प गावातल्याच स्वयंसेवकांच्या बळावर उभा राहिला. मात्र या तिन्ही ठिकाणी स्वयंसेवकांच्या पाठीशी एक संस्था भक्कमपणे उभी आहे. आमच्या पाठीशी आहे ती मंडळाची तिजोरी, आणि तीत वार्षिक वर्गणीखेरीज फारसे काही नसते.

एका खाजगी संस्थेने आम्हाला एक दिवसाची कार्यशाळा देऊ केली आहे. शेवटी प्रत्येकीला प्रमाणपत्रही मिळणार आहे. माझे मन त्याकडे वळत नाही. ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेला 'मेंटल हेल्थ फर्स्ट एड' हा अभ्यासक्रम आज अनेक देशांत चालतो, परंतु त्यावरील संशोधनातही शिकणाऱ्यांचे ज्ञान आणि आत्मविश्वास वाढल्याचे जितके ठामपणे दिसते, तितके ज्यांना मदत मिळाली त्यांचे बरे झाल्याचे दिसत नाही. सुसज्ज अभ्यासक्रमाची ही स्थिती असेल, तर एका दिवसात आम्ही काय शिकणार?

माझी मुख्य अडचण प्रशिक्षणानंतरची आहे. पहिली गोष्ट गोपनीयतेची. बडोद्यातील आमचा मराठी समाज आटोपशीर आहे. सोमवारी सांगितलेली गोष्ट शुक्रवारच्या हळदीकुंकवापर्यंत सर्वदूर पोहोचते, हे ज्येष्ठांनाही माहीत आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता राखण्याचे कर्तव्य आरोग्य व्यावसायिकांवर आहे. आमच्यासारख्या स्वयंसेविकांना बांधून ठेवणारे काय असावे? दुसरी गोष्ट, दर महिन्याला आमच्या सभासदांचे म्हणणे ऐकून घेऊन चुका दाखवणारी जाणकार व्यक्ती कोठे शोधावी आणि तिला मानधन द्यावे का? तिसरी गोष्ट भाषेची आहे: ज्येष्ठ मराठीत बोलतात, पण आमच्या तरुण सभासदांपैकी बऱ्याच जणी गुजराती माध्यमात शिकलेल्या असल्याने त्यांना मराठी पुस्तिका वाचणे जड जाते. कोणी असा गट प्रत्यक्ष चालवला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

ताई, मी निवृत्त मानसोपचार परिचारिका आहे. प्रमाणपत्राबद्दलची तुमची शंका रास्त वाटते. गोव्यातील 'संगथ'च्या कामात मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग असा, की समुपदेशकांनी आपल्या भेटींचे ध्वनिमुद्रण (अर्थात संमतीने) एकत्र बसून ऐकले आणि ठरावीक निकषांवर एकमेकांना गुण दिले. तज्ज्ञ प्रत्येक बैठकीला हजर असण्याची गरज त्यामुळे कमी झाली. तुम्ही ध्वनिमुद्रण करू नका, त्या वयाची माणसे बिचकतील. नाव-गाव वगळून एक प्रसंग सांगावा आणि दोघींनी तो अभिनयातून पुन्हा करून पाहावा, एवढेही पुरेसे होते. हा सराव मराठीतच करा. पुस्तिका गुजराती असली तरी अडत नाही, कारण ज्येष्ठांशी वाचून दाखवायचे नसून बोलायचे आहे.

गोपनीयतेसाठी लेखी करार करून घ्या, आणि शक्यतो स्वतःच्या गल्लीतील व नात्यातील घर कोणाला देऊ नका. करारात अपवादही लिहा: जिवाला धोका वाटल्यास गोष्ट गटप्रमुखापर्यंत गेलीच पाहिजे, आणि हे ज्येष्ठांना पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. "आता पुरे झाले" असे कोणी म्हणाले, तर "जीव संपवावासा वाटतो का?" असे सरळ विचारण्यास शिकवा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि औषधांचा साठा हाताशी ठेवू नये, घरच्यांना बोलवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची फोनवरून मानसिक आधार देणारी टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य असते. स्वयंसेविकेला स्वतःला सुचेनासे झाले तरी तिने तेथे फोन करावा. कारेलीबागेतील शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय तुमच्या शहरातच आहे. तेथील मानसोपचार समाजकार्य विभागाकडे मंडळाच्या पत्रासह जाऊन महिन्यातून एक तास मागून पाहा, आणि देखरेख करणाऱ्याला मानधन जरूर द्या. फुकटची देखरेख दिवाळीपर्यंत टिकते.

आणखी एक. ज्येष्ठांमध्ये नव्याने आलेली उदासी किंवा गोंधळ यामागे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, एखादे नवीन औषध किंवा विस्मृतीची सुरुवात असू शकते. त्यामुळे समुपदेशनाच्या आधी नेहमीच्या डॉक्टरांची तपासणी हा नियमच ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती:

आपल्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. नात्यातील घर न देण्याचा नियम आमच्याकडे अवघड जाणार आहे, कारण येथे कोणी ना कोणी कोणाची तरी आत्या किंवा मावशी असतेच. तरी गोत्री भागातल्या सभासदांना रावपुऱ्यातील घरे आणि रावपुऱ्यातील सभासदांना दांडिया बाजारातील घरे देऊन पाहू. रुग्णालयाला द्यायच्या पत्राचा मसुदा मी तयार करते आहे. त्यात प्रशिक्षणाची मागणी आधी करावी की केवळ मासिक देखरेखीची, याविषयी आपले मत कळवावे. तसेच करारपत्राचा मराठी किंवा गुजराती नमुना कोणाकडे असल्यास कृपया येथे द्यावा.