लायसन्सची मुदत, नूतनीकरण आणि दंड : माहीतगारांनी लिहावे

धागाकर्ता
मोटर वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीआधी काढलेली बरीच लायसन्सं आता संपत आली आहेत. तेव्हा वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यांतलं जे आधी येईल ते, असा हिशोब होता. २००६ साली अठराव्या वर्षी काढलेलं २०२६ ला संपतं, पस्तिशीत काढलेलं पन्नाशीला. आरटीओ, विमा, ड्रायव्हिंग स्कूल, दवाखाना अशा कुठल्याही बाजूने या कामाशी संबंध असलेल्यांनी इथे नेमकं लिहावं. "एजंटला द्या, तो करतो" हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे, तो नको.

घाटवाट
आताचा हिशोब असा. नूतनीकरणाच्या दिवशी तिशीच्या आत असाल तर चाळिशीपर्यंत. तीस ते पन्नास, तर दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्न, तर साठीपर्यंत. पंचावन्नच्या पुढे दर खेपेस पाच वर्षं. "वाढदिवसाच्या आधी केलं तर जास्त वर्षं मिळतात" असं कट्ट्यावर ऐकू येतं, त्यात तथ्य नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी केलं तर एकोणसाठपर्यंत, पन्नासाव्या वर्षी केलं तर साठपर्यंत. दोन्हीकडे दहाच.

अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मात्र नवी मुदत नूतनीकरणाच्या तारखेपासून मोजतात, जुनी संपल्यापासून नाही. त्यामुळे अकरा महिने आधी घाई केली तर तेवढे महिने बुडीत. दोनेक महिने आधी पुरेत.

पाऊसपाणी
मुदत संपली तरी तीस दिवस चालतं ना?

घाटवाट
चालायचं. कलम १४ मधली ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. मुदतीनंतर वर्षभर अर्ज करता येतो, म्हणून वर्षभर गाडीही चालवता येते असं धरून चालतात. अर्जाची मुभा वेगळी, चालवण्याची वेगळी. संपल्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तुम्ही विनापरवाना. कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली तेवढंच.

एक वर्ष उलटून गेलं की नुसत्या अर्जावर भागत नाही, गाडी चालवून पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाचणीला नेलेल्या गाडीचा विमा आणि पीयूसी चालू हवेत, नाहीतर तिथूनच परत.

केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या नियम ३२ च्या तक्त्यात नूतनीकरणाची फी २०० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे आणखी २००. उशिराच्या अर्जाला २०० ऐवजी ३००, शिवाय विलंबाच्या प्रत्येक वर्षाला किंवा त्याच्या भागाला १,००० जादा. सारथी या सरकारी पोर्टलवर जो आकडा येईल तेवढाच भरायचा. त्यावर कोणी मागितले तर ते त्याचे स्वतःचे.

सायबर कॅफेवाला
पोर्टलचं. परिवहनच्या साइटवरून सारथी, राज्य महाराष्ट्र, लायसन्सच्या सेवा, मग नूतनीकरण. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की माहिती उघडते. अर्ज अडकतो तो बहुतेक या कारणांनी :

- जन्मतारीख किंवा नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही. आधारच्या ओटीपीने घरबसल्या अर्ज करायचा असेल तर हे आधी तपासा.
- मोबाइल नंबर जुना. ओटीपी त्यावरच जातो. आधी नंबर बदला, मग बाकीचं.
- फोटो आणि सही २० केबीच्या वर. मोबाइलवरचा फोटो तसाच चढवला की एरर येतो आणि लोक साइटला शिव्या घालतात.
- पत्ता बदललाय, पण अर्जात फक्त नूतनीकरण निवडलं. कार्ड स्पीड पोस्टाने जुन्या पत्त्यावर जातं आणि परत फिरतं. दोन्ही सेवा एकाच अर्जात निवडता येतात.

अर्ज क्रमांक लिहून ठेवा. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी पेमेंटची स्थिती तपासा.

स्टेथोस्कोप
चाळिशी ओलांडलेल्यांना आणि व्यावसायिक लायसन्सवाल्यांना फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. त्याखालच्या खासगी चालकांना फॉर्म १ मधलं स्वतःचं निवेदन पुरतं. महाराष्ट्रात हा १ए डॉक्टर स्वतःच्या लॉगिनमधून ऑनलाइन भरतात, तेव्हा अशी नोंदणी असलेले एमबीबीएस डॉक्टर शोधा. नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं, हातापायांच्या हालचाली, एवढं पाहायचं असतं. चष्मा घरी विसरून येऊ नका. माणूस न पाहता प्रमाणपत्र देणारेही सापडतात, पण मोतीबिंदू असलेल्याला रात्री महामार्गावर सोडण्याची जबाबदारी कागदाने टळत नाही.

एल बोर्ड
मुदतीइतकाच घोळ वर्गाचा. कार्डावर फक्त विनागिअर दुचाकी असेल आणि तुम्ही गिअरची मोटरसायकल चालवत असाल, तर कायद्याच्या लेखी त्या गाडीचं लायसन्स तुमच्याकडे नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. चारचाकी शिकताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि गाडीला पुढेमागे एल. अल्पवयीन मुलाच्या हाती स्कूटर देणाऱ्या आईबापांसाठी : कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. बॅटरीची स्कूटर असली तरी हेच. सूट फक्त २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना.

सर्व्हेअर
५,००० चा दंड ही लहान गोष्ट आहे. अपघाताच्या दिवशी लायसन्स संपलेलं असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बहुधा फेटाळला जातो. समोरच्या जखमीला विमा कंपनी भरपाई देते, पण ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्वर्णसिंग निकाल याच विषयावरचा. अपघातानंतर नूतनीकरण केलं तर मधला खड्डा भरून निघत नाही.

टेम्पोवाल्यांसाठी : ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. त्याहून जड गाडीला वेगळी नोंद लागते. कार्डावर व्यावसायिक आणि खासगी अशा दोन मुदती असतात. व्यावसायिक पाच वर्षांची, म्हणून सहसा तीच आधी संपते, आणि लोक दुसरी वाचून निश्चिंत राहतात.

चौकी नाका
कार्ड घरी राहिलं तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स दाखवा, ते ग्राह्य आहे. गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट नाही. लायसन्स जप्त केलं तर पावती मागून घ्या. कलम २०६ खालची तात्पुरती पावती असेल तर तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. निलंबनाचा आदेश निघाला तर अपिलाला तीस दिवस असतात. निलंबनाच्या काळात चालवताना सापडलात तर कलम १८२, दंड १०,०००.

पाऊसपाणी
परदेशात असताना संपलं तर?

टेम्स काठ
दूतावासात परदेशात गाडी चालवण्याच्या इंटरनॅशनल परमिटचं नूतनीकरण होतं, २०२१ पासून. मूळ भारतीय लायसन्सचं होत नाही. ते सुट्टीत येऊन करायचं, आणि एक वर्ष आधीची सोय इथेच कामी येते. परमिट एक वर्षाचं, फी १,००० रुपये. ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर कार चालते, जर्मनीत सहा. पुढे तिथलंच काढावं लागतं.

घाटवाट
राहिलं ते जुन्या पुस्तकी लायसन्सचं. नंबर सारथीवर सापडत नसेल तर नूतनीकरणाचा अर्जच उघडत नाही. ज्या आरटीओने ते दिलं तिथे मूळ पुस्तक घेऊन जा आणि बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या लायसन्सची माहिती सारथीवर चढवणं, करायला सांगा. जुन्या रजिस्टरमधून शोधावं लागतं, म्हणून वेळ लागतो. मुदत संपायला सहा महिने उरले असताना हे काम हाती घ्या, आणि पुस्तकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.