प्रतिसाद: सीटीवरची श्वासनलिकेची मापं
तुमच्या आईच्या श्वासनलिकेची भिंत सहा महिन्यांपूर्वी १.४ मिमी होती आणि आता दुसऱ्या सेंटरला १.६ आली, एवढ्यावरून आजार वाढला असं धरू नका हो. मी सीटीवरच काम करते म्हणून सांगते, छातीचं ३५ सेंमीचं चित्र ५१२ ठिपक्यांत वाटलं की एक ठिपका जवळपास ०.७ मिमीचा होतो, म्हणजे तुमचा फरक ठिपक्याच्या एक तृतीयांशही नाही. त्यात बारीक नळ्यांची भिंत मशीनला असते त्यापेक्षा जाड दिसते आणि २ मिमीच्या आतल्या नळ्या तर नीट दिसतच नाहीत.

दुसरं म्हणजे श्वास. आम्ही सांगतो "मोठा श्वास घ्या, धरून ठेवा" पण दम लागलेल्या माणसाला खोकला येतो, श्वास अर्धवट राहतो आणि नळीची आतली पोकळी लहान भरते. शिवाय कर्नल बदलला, म्हणजे चित्र शार्प का सॉफ्ट बनवलं ते, तरी आकडा हलतो.

पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला करा आणि जुनी सीडी न विसरता न्या, रेडिओलॉजिस्टला दोन्ही चित्रं शेजारी लावून श्वासनलिकेच्या त्याच फांदीवर मोजता येतं. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची तपासणी, केलीय का त्यांची?