ब्रेसेस निघाल्या, पण दातांवर पांढरे डाग राहिले. काय करावं?

कळंब्याची_आई
लेकीच्या ब्रेसेस नुकत्याच काढल्या. दात छान सरळ झालेत, पण जिथं ब्रॅकेट चिकटवलं होतं त्याच्या भोवती, हिरडीच्या बाजूला, खडूसारखे पांढरे डाग दिसतात. दात ओले असले की पुसट, जरा वारं लागलं की लगेच उठून दिसतात. पोरगी हसताना तोंडावर हात धरायला लागलीय. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. एका दवाखान्यात 'व्हिनिअर (दातावर चिकटवायचं पातळ कवच) बसवून टाका' म्हणाले. बसवावेत का? कोल्हापुरात कुठं दाखवू?

गूळवाला_शिरोळ
ताई, व्हिनिअर अजिबात नको. कोवळ्या वयात चांगला दात घासून घ्यायचा, आणि पुढं जन्मभर ते बदलत बसायचं. माझ्या भाच्याचे डाग पेस्ट आणि स्वच्छतेवरच बरेच फिके पडले. वेळ मात्र लागला.

दातांची_डॉक्टर
वरचं बरोबर आहे. ब्रॅकेटच्या कडेला किटण साचतं, त्यातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातली, खनिजं निघून जातात. आवरणाचा वरचा पातळ थर शाबूत राहतो, आत बारीक छिद्रं पडतात. दात सुकला की त्या छिद्रांत पाण्याऐवजी हवा शिरते, म्हणून डाग जास्त पांढरा दिसतो.

निदान तीन महिने तरी थांबा. लाळच बरंच काम करते. दोन वेळा साधी फ्लोराइड पेस्ट, ब्रश झाल्यावर खळखळून चूळ नको, नुसतं थुंकायचं. डागांवर लगेच तीव्र फ्लोराइड लावणं आम्ही बरेचजण टाळतो. वरचा थर आधी पक्का झाला तर आतला पांढरेपणा तसाच अडकून राहतो. कॅल्शियमची टूथ मूस मिळते, पण ती दुधातल्या प्रथिनाची असते. दुधाची अॅलर्जी असेल तर वापरू नका.

नंतरही डाग राहिले तर 'आयकॉन' करून घ्या, म्हणजे रेझिन इन्फिल्ट्रेशन: डागाच्या छिद्रांत पातळ रेझिन (दातांत भरायचा राळेसारखा पदार्थ) मुरवायचं. ड्रिल नाही, भूल नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाचं जेल दोन मिनिटं लावतात, धुतात, मग अल्कोहोलचा थेंब टाकतात. त्या थेंबानं डाग विरला तर रेझिन मुरवल्यावरही विरणार, असा अंदाज खुर्चीवरच येतो. विरला नाही तर जेल पुन्हा लावतात.

कळंब्याची_आई
मनावरचं ओझं उतरलं, मॅडम. डाग फ्लोरोसिसचे, म्हणजे लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्यानं पडणारे, तर नसतील ना?

दातांची_डॉक्टर
ब्रेसेसच्या आधीचे फोटो काढून बघा. फ्लोरोसिसचे डाग तेव्हाही असतात, आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच. ब्रॅकेटभोवतीच कडं असेल तर ते ब्रेसेसमुळेच पडलेलं.

पेठेतला_दादा
पारगावला कोरे डेंटल कॉलेज आहे. तिथल्या कन्झर्वेटिव्ह (दात न काढता उपचार करणाऱ्या) विभागात दाखवा. शहरात दाखवणार असाल तर आधी फोन करून 'रेझिन इन्फिल्ट्रेशन करता का' एवढंच विचारा.

दातांची_डॉक्टर
आणि ताई, पारदर्शक रिटेनर (ब्रेसेसनंतर दात जागेवर ठेवायचा साचा) घालून उसाचा रस, काकवी, कोल्ड्रिंक काही नको. गोड आत अडकतं, लाळ पोचत नाही, नवे डाग पडतात. काढून प्यायचं, चूळ भरायची, मग घालायचा.