मदत हवी आहे: सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्च कुठून धरायचा?

पुण्यातली नोंदणीकृत सोसायटी, 40 फ्लॅट. कमिटी मेंटेनन्स सरसकट चौरस फुटावर आकारते. पण आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. तेवढं सभेत पटवता येईल. घोडं अडलंय निधींवर. सिंकिंग फंड जमीन वगळून बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, दुरुस्ती निधी 0.75 टक्के. म्हणजे फ्लॅटचा बांधकाम खर्च 20 लाख धरला तर महिन्याला साधारण 417 अधिक 1,250 रुपये. पण करारनाम्यात जमिनीसकट एकच किंमत आहे आणि बिल्डर वेगळा आकडा देत नाही. आर्किटेक्टचा दाखला घेऊन सर्वसाधारण सभेत ठराव केला तर लेखापरीक्षणात चालतो का? कुणाकडे अशा ठरावाचा मसुदा असल्यास कृपया टाका.